स्पीड-फीड कॅल्क्युलेटर: काही महिने वापरल्यावर

व्हीएमसीवरच्या (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनवरच्या) रोजच्या कामाला मोबाइलवरचं एक स्पीड-फीड कॅल्क्युलेटर काही महिने वापरलं. नुसता आरपीएम काढायला ॲप लागत नाही. कटिंग स्पीड (धारेचा वेग, मीटर प्रति मिनिट) गुणिले १०००, भागिले (३.१४ × टूलचा व्यास मिमीत) हा झाला आरपीएम, त्याला फ्लूटच्या म्हणजे दातांच्या संख्येने आणि दर दाताच्या फीडने (एक दात दर फेऱ्यात पुढे सरकतो ते अंतर) गुणलं की टेबल फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याचा वेग, मिमी प्रति मिनिट. १० मिमीचा चार फ्लूट कार्बाइड एंडमिल (मिलिंगचं टूल), एमएस (साधं पोलाद), १२० मीटर प्रति मिनिट, दाताला ०.०५ मिमी: साधारण ३८२० आरपीएम आणि ७६४ फीड.

ॲपची खरी किंमत कळते ती साइड कटला, म्हणजे टूलच्या बाजूने कापताना. बाजूचा कट १ मिमीच घेतला तर ०.०५ ची चिप प्रत्यक्षात ०.०३ ची निघते. टूल कापायचं सोडून घासू लागतं, तापतं, धार जाते. ॲप हे धरून फीड १२७३ वर नेतं. आकडा मोठा वाटतो, पण टूल त्यावरच जास्त टिकतं. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) मध्ये तर फीड कमी करून ‘जपून’ चालवणं सर्वांत घातक, कारण घासलेला थर कडक होतो आणि पुढच्या दाताला तोच कापावा लागतो.

मात्र ॲपला टूलचा मार्ग दिसत नाही. ८ मिमी त्रिज्येच्या आतल्या कोपऱ्यात १० मिमी टूलचं केंद्र फक्त ३ मिमी त्रिज्येवर फिरतं. प्रोग्रॅममधला फीड केंद्राचा असतो, त्यामुळे धारेवर तो ८/३ पट पडतो. शिवाय तिथे टूल जास्त मटेरियलमध्ये शिरतं. कोपऱ्यातला चॅटर (टूलची थरथर) इथून येतो. तिथे फीड ३/८ करायचा, म्हणजे १२७३ चा ४७७.

बॉलनोजला (गोल टोकाच्या टूलला) तर ॲप सरळ चुकतं, पूर्ण व्यास धरतं. ६ मिमी बॉलनोज ०.२ मिमी खोलीवर जेमतेम २.१५ मिमी व्यासाने कापतो. १२० च्या हिशेबाने आलेल्या ६३६६ आरपीएमवर प्रत्यक्ष स्पीड ४३ च मिळतो. सपाट भागाच्या फिनिशिंगला व्यासाच्या रकान्यात २.१५ भरा. येणारा आरपीएम स्पिंडलच्या मर्यादेपलीकडे गेला, तर मर्यादेचा आरपीएम धरून फीड पुन्हा काढा. ॲप आधीच्या जास्त आरपीएमचाच फीड दाखवत राहतं आणि दाताला ठरल्यापेक्षा जास्त चिप बसते.

रनआउटचा (टूल फिरताना केंद्रापासून हलण्याचा) रकाना यात नाही, ही मोठी उणीव. दोन फ्लूटच्या बारीक टूलला ०.०३ चा फीड आणि डायल गेजवर ०.०२ रनआउट असेल, तर एक दात ०.०५ कापतो, दुसरा ०.०१. अशा वेळी फीड बदलण्याआधी कोलेट (टूल पकडणारी बाही) आणि तिचा नट साफ करून डायल पुन्हा लावा.