स्टिकरखाली लपवलेले दहा अंश

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. नंबर वेगळा, फोटो मात्र तोच: निळसर फरशीवर खोका, खोक्यावर रेग्युलेटर, म्हणजे पाण्याखाली सिलिंडरमधली हवा श्वास घेण्याजोगी करून देणारं उपकरण. ‘स्कूबा रेग्युलेटर, कोल्ड वॉटर, एकदाच वापरलेला, नेरूळ.’ या फोटोवर विसंबून मी २८,००० रुपये मोजले होते. दुसरं कुणी मोजू नये, म्हणून लिहायला बसलोय.

माझी लेक म्युनिकला शिकते. डायव्हिंगचा कोर्स आम्ही दोघांनी तारकर्लीला एकत्रच केला. तिथलं पाणी २७-२८ अंशांचं, कुठलाही धड सेट चालून जातो. तिच्या क्लबातली मुलं मात्र आल्प्सच्या पायथ्याच्या तळ्यांत उतरतात. तिथे वर कडक ऊन असलं तरी २०-२५ मीटरवर पाणी पाच-सहा अंशांचं, कारण ४ अंशांच्या आसपासचं पाणी सगळ्यांत जड असतं आणि तळाशीच राहतं. तिला स्वतःचा रेग्युलेटर घेऊन द्यायचा असं मी ठरवलं. नवा परवडेना, म्हणून जुन्याच्या शोधात होतो.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरूळला गेलो आणि तिथून सीवूड्सला. विक्रेता पार्किंगमध्ये भेटला. तिशीचा, बोलायला गोड. “काका, मी पण देवगडचा,” म्हणाला. गाडीच्या डिकीत त्याने भरलेला सिलिंडर ठेवला होता. रेग्युलेटर जोडून माझ्या हातात दिला. श्वास अगदी मऊ येत होता. खोक्यावर नामांकित कंपनीच्या थंड पाण्याच्या मॉडेलचं नाव होतं, फर्स्ट स्टेजवर, म्हणजे सिलिंडरला जोडायच्या भागावर, ‘ईएन २५०’ हे युरोपीय मानक कोरलेलं होतं. त्या अक्षरांना लागूनच एक छोटा काळा स्टिकर होता. “दुकानाचा स्टॉक नंबर आहे तो,” तो म्हणाला. मी मान डोलावली आणि यूपीआयने पैसे पाठवले.

पार्किंगमधल्या उकाड्यात घेतलेल्या श्वासावरून काहीच कळत नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. सिलिंडरमध्ये हवा साधारण २०० बार दाबाने भरलेली असते. फर्स्ट स्टेज तो दाब उतरवून भोवतालच्या दाबापेक्षा जेमतेम ९-१० बार जास्त एवढाच ठेवतो. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना व्हॉल्व्हपाशी बोट गार पडतं ना, तेच इथे कितीतरी पटींनी होतं. हवा शून्याच्या बरीच खाली जाते. तारकर्लीचं कोमट पाणी त्या धातूला सतत ऊब देतं. पाच अंशांच्या पाण्याची ऊब पुरत नाही. फर्स्ट स्टेजमधल्या स्प्रिंगभोवती पाणी शिरत असेल तर त्याचा बर्फ होतो, झडप नीट मिटत नाही आणि तोंडातल्या सेकंड स्टेजमधून हवा धो धो सुटत राहते. याला फ्री फ्लो म्हणतात. भरलेला सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होतो. वीस मीटर खाली, अंधाऱ्या पाण्यात, माझी पोर.

म्हणूनच थंड पाण्याच्या रेग्युलेटरचा तो कप्पा बंद केलेला असतो, पाणी स्प्रिंगला शिवतच नाही. सेट म्युनिकला पोचल्यावर लेकीच्या प्रशिक्षकाने तो हातात घेतला, फिरवला आणि बाजूला ठेवला. रात्री तिचा व्हिडिओ कॉल आला. “बाबा, याला भोकं आहेत. आतली स्प्रिंग दिसतेय.” मग माझ्यासमोरच तिने तो काळा स्टिकर नखाने खरवडला. खाली ‘ईएन २५०’च्या पुढे ‘पेक्षा जास्त’ची खूण आणि १० अंश सेल्सिअस.

ही खूण प्रत्येकाने ओळखायला शिकावी. या युरोपीय मानकात १० अंशांखालचं पाणी म्हणजे थंड पाणी. त्याची चाचणी ४ अंशांवर होते. त्या चाचणीत न बसणाऱ्या रेग्युलेटरवर ही खूण असते. म्हणजे स्टिकर चुकून तिथे चिकटला नव्हता. लपवण्यासारखी जी एकच गोष्ट होती, तीच त्याने लपवली होती. खोक्यावरचा सिरियल नंबर आणि फर्स्ट स्टेजवर कोरलेला नंबरही जुळत नव्हता. खोका चांगल्या मॉडेलचा, आतला माल भलताच. हे दोन नंबर ताडून बघायला मला अर्धा मिनिट लागला असता.

दिवाळीत तिने सेट परत आणला. ओळखीच्या तंत्रज्ञाने उघडला तर हवा आत येते तिथला फिल्टर हिरवा पडलेला, म्हणजे खारं पाणी आत गेलेलं. ‘एकदाच वापरलेला’ हेही खोटंच.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, “काका, बघूनच घेतलात ना?” मग ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, चॅट आणि व्यवहाराचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. पैसे आलेले नाहीत.

पैशांपेक्षा मला राग त्या स्टिकरचा आहे. सेट थंड पाण्यासाठी हवाय हे मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, आणि कुणासाठी हवाय तेही. जुना सेट घ्यायचाच असेल तर सर्व्हिसिंग करणाऱ्या माणसाच्या टेबलावर व्यवहार करा, तो उघडून बघेल तोवर पैसे देऊ नका. विक्रेता तिथे यायला तयार नसेल तर तसेच परत फिरा.

लेक आता क्लबचाच सेट वापरते. सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, प्रत्येकाला वेगळा फर्स्ट स्टेज. एक गोठला तर तो बंद करून दुसऱ्यावर श्वास घ्यायचा. गेल्या आठवड्यात ती त्यावर १८ मीटरपर्यंत जाऊन आली. वर आल्यावर आधी मला फोन केला.