‘दुख्तर’चे पूर्वरूप: एका ऑनलाइन व्युत्पत्तिकोशाचे परीक्षण

इराणी भाषांतील नातेवाचक शब्दांची पूर्वरूपे देणारा एक मोफत ऑनलाइन व्युत्पत्तिकोश मी काही महिने नियमित वापरत आहे. त्याची पारख करण्यासाठी मी ‘मुलगी’ या अर्थाचा शब्द (फारसीत ‘दुख्तर’) निवडला, कारण संस्कृत ‘दुहिता’ ठाऊक असलेल्या वाचकाला त्यातील बहुतेक पायऱ्या स्वतः पडताळता येतात.

पुनर्रचित रूपाची मांडणी अत्यंत समाधानकारक आहे. मूळ इंडो-युरोपीय शब्दाच्या मध्यभागी असलेल्या स्वरयंत्रीय (लॅरिंजिअल) व्यंजनाच्या जागी संस्कृतात ‘इ’ आला, इराणीत मात्र ते व्यंजन गळून पडले. त्यामुळे ‘घ्’ आणि ‘त्’ शेजारी आले आणि ज्या नियमाने ‘दुह्’ला ‘त’ लागून ‘दुग्ध’ होते, त्याच नियमाने तेथे ‘दुग्दर्’ सिद्ध झाले. भाषाशास्त्रात हा बार्थोलोमेचा नियम म्हणून ओळखला जातो. तारांकित, म्हणजे पुनर्रचित म्हणून तारा लावून दिलेले, असले तरी हे रूप निराधार नाही. पारशी धर्मग्रंथ अवेस्तातील यस्न 53 मध्ये जरथुश्त्राची धाकटी मुलगी पोउरुचिस्ता हिच्या उल्लेखात त्याचेच गाथाकालीन, म्हणजे अवेस्ती भाषेतील सर्वांत जुने, रूप आढळते. निरुक्तकार यास्काने ‘दुहिता’साठी सुचवलेला ‘दोहन करणारी’ हा अर्थ मोहक असूनही कोशाने तो सिद्ध म्हणून दिलेला नाही, हा संयम मला विशेष आवडला.

पश्तो ‘लूर’ची नोंदही चांगली आहे. ‘दुग्दर्’ आणि ‘लूर’ या दोन शब्दांत वरवर काहीच साम्य दिसत नाही. पण संस्कृत ‘दश’ आणि पश्तो ‘लस’ शेजारी ठेवले की ‘द’चा ‘ल’ होणे लगेच पटते, आणि बाख्त्री या प्राचीन इराणी भाषेतील ‘लोग्द’ (मुलगी) त्याला दुजोरा देते.

खरी उणीव फारसी ‘दुख्तर’मध्ये आहे. कोश हा शब्द थेट ‘दुग्दर्’खाली ठेवतो आणि ‘ग्द’ऐवजी ‘ख्त’ का, याचा खुलासा करत नाही. ‘पितर्’, ‘मातर्’ यांच्या साम्याने ‘तर्’ पुन्हा प्रस्थापित झाला, हे स्पष्टीकरण तेथे एका वाक्यात देता आले असते. शिवाय पर्सेपोलिसच्या एलामी मृत्तिकापट्टांवर इराणी सम्राट दारयवहूची (डरायस) पत्नी इर्तश्दुना हिला लावलेले ‘दुक्शिश’, म्हणजे राजकन्या, हे बिरुद प्राचीन फारसीतून आलेले आहे. इतका मोलाचा पुरावा नोंदीतून गाळला जाणे खटकते. या दोन्ही गोष्टी जोडाव्यात, अशी सूचना मी संपादकांना पाठवली आहे.