"काका, तुम्ही निवांत राहा": विलफ्रांशच्या धक्क्यावर आम्ही कसे फसलो

बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा शाखाधिकारी म्हणून. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, कंपनीचा व्यवहार असेल तर कुणाच्या वैयक्तिक खात्यात रक्कम टाकू नका, हे काउंटरपलीकडच्या माणसांना सांगून माझा घसा बसायचा. आणि मीच अठ्ठावन्न हजार रुपये एका पोराच्या बायकोच्या बचत खात्यात यूपीआयने टाकून मोकळा झालो. ही म्हणते, लिहू नका, लोक हसतील. हसू देत.

मे महिन्यात आम्ही चौघं, म्हणजे आम्ही दोघं, मेहुणी आणि साडू, बार्सिलोनाहून सात रात्रींच्या क्रूझला गेलो होतो. वाटेत एक दिवस दक्षिण फ्रान्समधल्या रिव्हिएरा किनाऱ्यावर विलफ्रांश-स्युर-मेर या गावी मुक्काम होता. नीस आणि मोनाको यांच्या दरम्यान, डोंगराच्या कुशीतला खोल उपसागर. इथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, पाण्यात नांगर टाकून उभं राहतं आणि टेंडर नावाच्या छोट्या बोटींनी माणसं किनाऱ्यावर नेतात. ही एवढीशी गोष्ट. पण आम्हाला जे काही विकलं गेलं ते सगळं या गोष्टीच्या जोरावर.

जहाजाच्या स्वतःच्या सहली महाग वाटल्या. तेवढ्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर कुणीतरी एका मुलाचा नंबर टाकला. पुण्याचा, मराठी, तिशीतला. बोलायला इतका गोड की हिने पहिल्याच फोनवर त्याला जेवणाचं आमंत्रण दिलं. "काका, तुम्ही निवांत राहा, मी आहे ना" हे त्याचं पालुपद. त्याने रंगीत पीडीएफ पाठवली: सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच खासगी गाडी, मराठी बोलणारा गाईड, नीसचं जुनं शहर, एझचं सौंदर्य, मोनाको दर्शन, दुपारी तीन वाजता राजवाड्यापुढे पहारा बदलण्याचा सोहळा, आणि जहाजावर वेळेत पोचवण्याची हमी. चौपन्न हजार. साडूंनी घासाघीस करून दोन हजार कमी केले आणि त्या विजयाच्या आनंदात आम्ही बाकी काहीच विचारलं नाही. जीएसटीचं बिल मागितलं तेव्हा म्हणाला, "सीझननंतर एकत्र काढतो, काका." हे वाक्य माझ्या शाखेत कुणी बोललं असतं तर मी त्याला दारापर्यंत पोचवून आलो असतो.

पैसे भरले त्या रात्री दहा वाजता त्याने एक व्हिडिओ पाठवला. कुठल्यातरी बंदरावर एक जोडपं पिशव्या सांभाळत धावतंय, जहाज सुटलंय, वर डेकवर लोक टाळ्या वाजवतायत. खाली मजकूर: "तुमच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून." ही त्या रात्री धड झोपली नाही. परक्या देशात, जहाज गेलं, पासपोर्ट जहाजावर, आता काय? सकाळी सातला पुढचा मेसेज: टेंडरच्या रांगेत दोन-दोन तास जातात, आपल्याकडे प्रायॉरिटी पास आहे, माणशी दीड हजार. मी चहा पिता पिता सहा हजार पाठवले. आता मागे वळून पाहिलं की वाटतं, त्याने आम्हाला सहल विकलीच नव्हती. आधी भीती दिली आणि मग तिच्यावरचा उतारा विकला.

त्या भीतीत खरं किती आणि खोटं किती, ते सांगतो, कारण खोटं अर्ध्या खऱ्यावरच उभं असतं. जहाजाच्या सहलीला गेलेली बस उशिरा आली तर जहाज थांबतं, किंवा तुम्हाला पुढच्या बंदरावर पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. आपले आपण गेलो तर थांबत नाही. हे खरं. पण म्हणूनच बाहेरचा कुठलाही एजंट "हमी" देऊच शकत नाही. त्याच्यासाठी जहाज पाच मिनिटंही थांबणार नाही. "आमचं जहाजाशी टायअप आहे, काका," असं तो म्हणाला होता. जहाजाच्या रिसेप्शनवर जाऊन एक प्रश्न विचारला असता तर तेव्हाच उजेड पडला असता.

उजेड पडला तो त्या दिवशी सकाळी. काउंटरवरच्या मुलीला मी मोबाइलवरचा प्रायॉरिटी पास दाखवला. क्यूआर कोड होता, बोटीचं सोनेरी चित्र होतं. तिने दोनदा पाहिला आणि अतिशय नम्रपणे म्हणाली, सर, हा आमचा नाही. टेंडरचे नंबर फुकट असतात, हे घ्या. तिने चार गोल स्टिकर आमच्या शर्टांवर चिकटवले, अकरा नंबरचे, आणि थिएटरमध्ये बसायला सांगितलं. आमच्या आधी कोण गेले, तर जहाजाच्या सहलीवाले.

पावणेदहाला धक्क्यावर उतरलो. समोर पिवळी-केशरी घरं, हॉटेलांच्या छत्र्या, धक्क्याला लागूनच कोळ्यांचं छोटंसं चॅपेल. कलावंत झां कोक्तोने 1957 साली आतून चितारलेलं. गाडी नाही, गाईड नाही. पुण्यात फोन लावला. "ट्रॅफिक आहे काका, दहा मिनिटं." मग पुन्हा दहा मिनिटं. साडेदहाला पाच कमी असताना काळी व्हॅन आली. ड्रायव्हर पन्नाशीचा, टापटीप, हातातल्या पाटीवर एजंटचं नाव. मी रागाने घड्याळ दाखवलं, तर त्यानेही मला त्याचं घड्याळ दाखवलं आणि हसला. वेळेआधी आल्याबद्दल शाबासकी मिळेल अशी त्याची अपेक्षा असावी.

गाईड कुठे? तर गाईड व्हॉट्सॲपवर. एजंटने एकामागून एक चौदा व्हॉइस नोट्स पाठवल्या. "नमस्कार मंडळी! आता आपल्या उजव्या हाताला आहे भूमध्य समुद्राचा निळाशार..." उजव्या हाताला डोंगर आणि एक पेट्रोल पंप होता. गाडी नीसकडे, म्हणजे पश्चिमेला चालली होती. त्या दिशेने जाताना समुद्र डावीकडे येतो. मेहुणी हसून लोटपोट झाली. मला हसू आलं नाही.

नीसच्या जुन्या शहराला वीस मिनिटं मिळाली. त्यात फुलांच्या बाजाराच्या टोकाशी आम्ही सोका खाल्ला. सोका म्हणजे चण्याच्या पिठाचं, मोठ्या तव्यावर भट्टीत भाजलेलं धिरडं, वर मिरपूड. दिवसभरातली न फसवणारी एकमेव गोष्ट. मग गाडी उलट फिरली आणि समुद्राकाठच्या रस्त्याने तासभर रेंगाळत एका छोट्या रेल्वे स्टेशनपाशी थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "एझ." गारगोट्यांचा किनारा, एक टपरी, चार पार्क केलेल्या गाड्या. पीडीएफमध्ये तर दगडी किल्ल्यासारखं गाव होतं, डोंगराच्या टोकावर.

इथे जरा थांबतो, कारण ही मेख कळली पाहिजे. एझ दोन आहेत. खाली समुद्राकाठी एझ-स्युर-मेर, जिथे स्टेशन आहे. आणि सगळे फोटो ज्याचे असतात ते जुनं गाव वर, सव्वाचारशे मीटर उंचीवर. दोन्हींना जोडणारी पायवाट आहे, जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेच्या नावाची. चढायला तासाच्या वर लागतो आणि आमच्या गुडघ्यांना तर ती दाखवूही नये. नीस ते मोनाको डोंगरातून तीन समांतर रस्ते जातात, तिन्हींना कोर्निश म्हणतात. खालचा बास, मधला मोयेन, वरचा ग्रांद. गावात जायचं तर मधला रस्ता धरावा लागतो. आमच्या गाडीने दिवसभरात खालचा रस्ता सोडलाच नाही. ड्रायव्हरने मान वर करून बोटाने डोंगर दाखवला. झालं "एझचं सौंदर्य".

मोनाकोचंही तसंच. हद्दीच्या अलीकडे काप दाय नावाचं गाव लागतं, तिथे एका वळणावर गाडी थांबली. समोर दूरवर उंच इमारतींचा गुच्छ. फोटो काढा, म्हणाला. मी पीडीएफ उघडून परत वाचली. नीसपुढे "शहर" लिहिलं होतं, एझपुढे "सौंदर्य", आणि मोनाकोपुढे "दर्शन". पंढरपूरला जाऊन लांबूनच कळसाला हात जोडून परत फिरावं, तसं आमचं मोनाको दर्शन झालं. साडू म्हणाले, "लेकाने शब्द मात्र मोजून वापरलेत."

मी ड्रायव्हरशी भांडायला लागलो. त्याने शांतपणे डॅशबोर्डमधून एक कागद काढून माझ्या हातात दिला. फ्रान्समध्ये टॅक्सी आणि व्हीटीसी असे दोन प्रकार आहेत. व्हीटीसीवाल्याला रस्त्यावरून गिऱ्हाईक उचलता येत नाही, आधी बुकिंग लागतं आणि त्या बुकिंगचा पुरावा गाडीत बाळगावा लागतो. तो हा कागद. चाळिशी लावून वाचला. फ्रेंच येत नसलं तरी आकडे वाचता येतात, जन्मभर तेच केलं. वेळ 10.30 ते 14.30. मार्गापुढे "बास कोर्निश". ग्राहक म्हणून पुण्याच्या त्या मुलाचं नाव. रक्कम 240 युरो. आमच्याकडून त्याने घेतले त्यातले निम्म्याहून जास्त त्याच्या खिशात राहिले, आणि आठ तासांचे चार झाले. ड्रायव्हरने त्याला सांगितलं होतं ते काम चोख केलं. मी त्याची माफी मागितली आणि कागदाचा फोटो काढला. कुणी अशी गाडी पाठवली तर बसण्याआधी हा कागद बघायला मागा, दाखवायला कुणी नाही म्हणत नाही.

दोन वीसला परत धक्क्यावर. शेवटची टेंडर साडेपाचला. मी म्हणालो, जहाजावर जाऊ, डोकं उठलंय. ही म्हणाली, "ते बघा, त्या तिकडे आगगाडी." खरंच, उपसागराच्या वळणापलीकडे, वाळूच्या वर, एक गाडी बोगद्यातून बाहेर येत होती. धक्क्यावरून हॉटेलांसमोरून चालत गेलं की दहा मिनिटांत स्टेशन, शेवटी थोड्या पायऱ्या. सकाळपासून ते आमच्या डोळ्यांसमोर होतं. मशीनपाशी एक बंगाली जोडपं भेटलं, आमच्याच जहाजावरचं. त्यांनी कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. मोनाकोचं तिकीट माणशी पाच युरोंच्या आत. पूर्वेला जाणारी, व्हेंटिमिल्याची पाटी असलेली गाडी धरायची. नीसला जायचं तर उलट दिशेची. पंधरा मिनिटांत मोनाको. तिथलं स्टेशन डोंगराच्या पोटात आहे, संगमरवरी, गार. बाहेर आलो तर खाली बंदर आणि पांढऱ्या बोटींची दाटी. तासभर नुसते भटकलो. राजवाड्याच्या पहारा बदलण्याबद्दल एका दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, रोज 11 वाजून 55 मिनिटांनी होतो. तीन वाजता तो कधीच नसतो. इंटरनेटवर एक मिनिटाचं काम होतं, आणि तिथेच त्याची सगळी पीडीएफ फाटली असती.

पाचला दहा कमी असताना आम्ही टेंडरच्या रांगेत होतो. ज्या भीतीपायी अठ्ठावन्न हजार मोजले, ती जहाज चुकण्याची भीती आम्ही तिकिटाच्या चिल्लरीत फिरवून आणली होती. तरीही एक सांगून ठेवतो: खिशात जहाजाचं रोजचं पत्रक असू द्या, त्यावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो. आणि घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा.

परत आल्यावर फोन केला. आधी "काका, गैरसमज झालाय," मग "ड्रायव्हरची चूक," मग ब्लॉक. साडूंच्या नंबरवरून लावला तेव्हा प्रायॉरिटी पासचे सहा हजार परत आले, सोबत हात जोडलेली इमोजी. बाकीच्याचं नाव नाही. 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन केला; त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की गाडी आली होती, सेवा अर्धवट मिळाली, तेव्हा ग्राहक तक्रारीकडे वळा. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि ऑनलाइन दाखल करता येते. क्रेडिट कार्डाने भरले असते तर बँकेकडे व्यवहार हरकतीत टाकता आला असता. यूपीआयने कुणाच्या वैयक्तिक खात्यात टाकलेल्या पैशांना ती सोय नाही. हेही मी लोकांना सांगत असे.

तक्रारीला जोडायला पुरावे गोळा करतोय. पीडीएफ, ड्रायव्हरच्या कागदाचा फोटो, यूपीआयचे दोन व्यवहार, मोनाकोची तिकिटं. काल रात्री त्या चौदा व्हॉइस नोट्स हेडफोन लावून पुन्हा ऐकल्या. नवव्या नोटमध्ये, रिव्हिएराच्या वाऱ्याचं वर्णन चालू असताना, मागे कुकरच्या तीन शिट्ट्या ऐकू येतात.