सायलेंट नाईट, डेडली नाईट पार्ट २ : शिळ्या कढीला ऊत

काल रात्री दीड तास वाया घालवला राव. १९८४ चा पहिला पार्ट निदान वादामुळे तरी गाजला, सांताक्लॉजला खुनी दाखवला म्हणून अमेरिकेत पालकांनी थिएटरबाहेर निदर्शनं केली आणि पिक्चर उतरवावा लागला. मग १९८७ ला हा हॉरर सिक्वेल काढला, आणि काढला म्हणजे काय तर हिरो रिकी मनोविकार डॉक्टरसमोर बसून मोठ्या भावाची, म्हणजे पहिल्या पार्टमधल्या खुनी सांताची, स्टोरी सांगतो आणि आपल्याला पहिल्याच पिक्चरची जवळपास ४० मिनिटं परत दाखवतात!! बरं, रिकी तान्हा होता तेव्हाचं पण सगळं याला डिटेलमध्ये आठवतं, कसं ते विचारू नका.

नवीन शूटिंग सुरू होतं तिथे जरा मजा आहे, छत्रीने केलेला खून, आणि कचऱ्याचा डबा बाहेर आणणाऱ्या बिचाऱ्या माणसाला रिकी 'गार्बेज डे' (कचरा न्यायचा दिवस) ओरडून गोळी घालतो तो सीन, मी एकटाच खो खो हसत बसलो. हिरोच्या भुवया त्याच्यापेक्षा जास्त ॲक्टिंग करतात. पण भीती? शून्य. मित्र जमलेत, भजी आहेत, तर शेवटचा अर्धा तास बघा फक्त. १० पैकी ३, त्यातला दीड भुवयांचा.