जुन्या गाडीचा २७४५ नव्या गाडीवर: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

वडिलांनी १९९३ साली घेतलेल्या स्कूटरला २७४५ हा क्रमांक योगायोगाने मिळाला होता. २०१० साली पहिली मोटार आली तेव्हा त्यांनी तो मुद्दाम मागून घेतला, आणि जून २०२५ मध्ये ती मोटार विकून मी नवी घेतली तेव्हा आईची अट एकच होती, की रंग कोणताही चालेल, पण आकडे तेच हवेत. आकड्यांची बेरीज अठरा, म्हणजे शेवटी नऊ येते म्हणून हा हट्ट असावा, असा आमच्या नातेवाइकांचा समज आहे. प्रत्यक्षात वडिलांच्या हयातीतली ती एक खूण आहे, एवढेच त्याचे कारण. मी मालवणात राहतो, त्यामुळे पुढील सर्व अनुभव सिंधुदुर्गच्या, म्हणजे एमएच ०७ च्या नोंदणीचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केलेला बरा. ‘नंबर नव्या गाडीवर घेतला’ असे आपण सर्रास म्हणतो, परंतु माझ्या बाबतीत जुनी गाडी तिच्या संपूर्ण क्रमांकासह खरेदीदाराकडे गेली आणि मला मिळाले ते चालू मालिकेतील तेच चार आकडे. मधली अक्षरे बदलली. म्हणजे आज जिल्ह्यात २७४५ आकड्यांच्या, एकेकाळी एकाच घरातल्या म्हणता येतील अशा, दोन मोटारी फिरत आहेत, आणि माझ्या बहुतेक अडचणींचे मूळ याच गोष्टीत आहे.

क्रमांक मिळवण्याची प्रक्रिया अपेक्षेपेक्षा सोपी निघाली. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी घेऊन चालू मालिकेतील शिल्लक क्रमांक पाहता येतात आणि शुल्क भरून हवा तो राखून ठेवता येतो. अडचण वेळेची होती. मी चौकशी सुरू केली तेव्हाच्या मालिकेतील २७४५ आधीच कोणाला तरी दिला गेला होता, त्यामुळे पुढची मालिका सुरू होईपर्यंत थांबावे लागले आणि तयार असलेली गाडी विक्रेत्याच्या आवारात तीन आठवडे उभी राहिली. क्रमांक राखून ठेवल्याची पावती हाती येईपर्यंत नोंदणीचा अर्ज पुढे पाठवू नये, असे विक्रेत्याला लेखी कळवून ठेवावे. एकदा अर्ज गेला आणि यंत्रणेने क्रमांक दिला की मग हळहळण्यापलीकडे हाती काही उरत नाही.

शुल्क अधिसूचनेनुसार बदलते, म्हणून माझ्या पावतीवरचा आकडा येथे देत नाही. कल्पना यावी म्हणून इतकेच सांगतो, की ऑगस्ट २०२४ च्या सुधारणेत चारचाकीच्या ०००१ या क्रमांकाचे शुल्क तीन लाखांवरून पाच लाखांवर गेले, आणि मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी तर ते सहा लाख झाले. २७४५ सारख्या साध्या क्रमांकाला अर्थातच त्या मानाने फारच कमी पडते. त्याच सुधारणेत पसंतीचा क्रमांक पती, पत्नी, मुलगा किंवा मुलगी यांच्या नावे करण्याची मुभाही आली. ज्यांच्या घरी असा क्रमांक वडिलांच्या नावावर आहे, त्यांनी ही तरतूद आधी तपासावी.

आता पाटीविषयी. उच्च सुरक्षा पाटी आल्यापासून पाटी या वस्तूचे स्थलांतर संपलेच आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर अशोकचक्राचा होलोग्राम, डाव्या कोपऱ्यात लेझरने कोरलेला दहा अंकी ओळख क्रमांक आणि एकदा बसवल्यावर तोडल्याशिवाय न निघणारे स्नॅप लॉक, अशी तिची रचना आहे, आणि तो ओळख क्रमांक गाडीच्या नोंदीशी जोडलेला असतो. वडिलांच्या जुन्या मोटारीची काळ्या-पांढऱ्या रंगाची पाटी, जी त्यांनी मालवणच्या पेंटरकडून हौसेने रंगवून घेतली होती, ती मी विक्रीपूर्वी काढून घरी ठेवली. मात्र उच्च सुरक्षा पाटी बसवल्याशिवाय मालकी हस्तांतरणाचे काम पुढे सरकत नसल्याने विकायच्या गाडीवरही ती बसवावी लागली. चारचाकीसाठी ७४५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये खर्च आला. ४१४१ चे ‘दादा’ करून मिरवणाऱ्यांची सोयही या पाटीने संपवली, याचे मला मुळीच दुःख नाही.

खाऱ्या हवेचा परिणाम किती होतो, हा प्रश्न किनाऱ्यावरच्या माणसाला पडणारच. एक पूर्ण पावसाळा आणि तारकर्लीच्या रस्त्यावरच्या रोजच्या फेऱ्या होऊनही पाटी स्वच्छ आहे, अक्षरांवरचा काळा लेप कुठेही उडालेला नाही. गंज आला तो पाटीला नव्हे, तर तिच्यामागच्या चौकटीच्या लोखंडी स्क्रूंना. त्यांचे तांबूस ओघळ मागच्या बंपरवर उतरले आहेत. विक्रेत्याने सुरुवातीलाच स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरले असते तर हे टळले असते.

सर्वांत अधिक वेळ फास्टॅगने खाल्ला. नव्या गाडीचा टॅग सुरुवातीला चासिस क्रमांकावर दिला जातो आणि नोंदणी क्रमांक नंतर स्वतः भरावा लागतो. खरेदीपासून नव्वद दिवसांत तो न भरल्यास टॅग हॉटलिस्टमध्ये, म्हणजे अडचणीतल्या टॅगांच्या यादीत, जातो. मी आकडे तेच असल्याच्या समाधानात हे काम दोन महिने विसरलो. ऑगस्टच्या मध्यात राष्ट्रीय महामार्गांसाठी तीन हजार रुपयांत दोनशे फेऱ्या किंवा एक वर्ष असा वार्षिक पास सुरू झाला, तो घ्यायला गेलो तेव्हा केवळ चासिस क्रमांकावरच्या टॅगला तो मिळत नसल्याचे कळले. त्यातच जुन्या गाडीचा टॅग मी बंद केलेला नव्हता. किणी आणि तासवडे येथील टोल माझ्या खात्यातून कापला गेल्याचा संदेश आला, त्या दिवशी माझी गाडी मात्र घराच्या अंगणात होती. खरेदीदार कोल्हापूरमार्गे साताऱ्याला गेला होता आणि काचेवरचा माझा टॅग अजून सुरू होता. पैसे त्याने लगेच दिले, पण चूक माझी होती.

मालकी हस्तांतरणाच्या बाबतीत चूक माझी नव्हती. विक्रीची माहिती देणे आणि नमुना २९ व ३० वर सह्या करणे ही माझी जबाबदारी मी पहिल्याच आठवड्यात पूर्ण केली; पुढचे कागद खरेदीदाराने नेमलेल्या एजंटाकडे जवळजवळ चार महिने पडून राहिले. त्या काळात वेगमर्यादा ओलांडल्याचे एक ई-चलन माझ्या मोबाइलवर आले. संदेशात शेवटचे चार आकडे पाहून मी ते माझ्याच गाडीचे समजून जवळजवळ भरूनही टाकले होते. मधली अक्षरे आईने वाचली म्हणून वाचलो. नोंदणीवर ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अपघाताच्या भरपाईसंदर्भात स्पष्ट केलेले आहे, त्यामुळे त्या चार महिन्यांत त्या गाडीला काही झाले असते तर नाव माझे आले असते. गाडी सोपवताना तारीख, वेळ आणि किलोमीटरची नोंद असलेली पावती मी करून घेतली होती. एवढ्या एका कागदाने मन थोडे शांत राहिले.

विम्याचा अनुभव उलट आहे. दावा न केल्याची सवलत, जी माझ्या बाबतीत पन्नास टक्के होती, ती गाडीची नसून मालकाची असल्याने जुन्या विमा कंपनीच्या प्रमाणपत्रावर नव्या पॉलिसीत विनासायास आली. चार आकड्यांसाठी शुल्क आणि तीन आठवडे, आणि खरे पैसे वाचवणारी गोष्ट एका पत्रावर!

गावात मात्र अजून गोंधळ आहे. कुडाळ स्थानकाबाहेर जुनी गाडी पाहून लोक मला फोन करतात, आणि नवी गाडी पाहून बाजारातला जुना दुकानदार विचारतो, “गाडी नवी, मगे नंबर तोच कसो?” आईला हा प्रश्न फार आवडतो. केवळ प्रतिष्ठेसाठी मी हा खर्च पुन्हा करणार नाही, तिच्यासाठी करीन. सध्या मागच्या पाटीच्या चौकटीचे स्क्रू मृगाच्या पावसाआधी बदलून घ्यायचे आहेत, आणि स्नॅप लॉक न तोडता ते निघतील का, हे गॅरेजवाल्याला विचारायचे आहे.