कमरेला बांधलेला घुमट: ट्रॉन्डहाइम व्हॉइसेसचा ‘रूम्स अँड रिच्युअल्स’

‘रूम्स अँड रिच्युअल्स’ हा ट्रॉन्डहाइम व्हॉइसेस या नॉर्वेच्या गायिकावृंदाचा अल्बम २०१८ मध्ये ग्राप्पा या कंपनीने प्रकाशित केला. तो मी पहिल्यांदा लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकला आणि दहा मिनिटांत बंद केला, कारण सगळा आवाज एकाच धूसर पट्ट्यासारखा वाटत होता. काही दिवसांनी चांगले हेडफोन लावून तोच अल्बम पुन्हा ऐकला, तेव्हा त्या पट्ट्यातून एकेक गळा वेगळा होऊ लागला. कोणाचा श्वास जवळून ऐकू येत होता, कोणाचा स्वर दूरच्या भिंतीवर आपटून परतल्यासारखा वाटत होता, तर कोणी केवळ ओठांच्या टिचकीएवढा ध्वनी करून गप्प राहत होती.

वृंदगान म्हटले की आपल्यासमोर लिहिलेली संहिता, ठरलेले सूर आणि सर्वांना सांभाळून नेणारा संचालक उभा राहतो. येथे गाताना समोर संचालक नसतो आणि पुष्कळसे संगीत गाता गाताच घडते. हा समूह २००१ मध्ये मध्य नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम या शहरात सुरू झाला. सीरी येरे यांनी त्याची घडी बसवली आणि पुढे सिसेल व्हेरा पेटर्सन यांनी कलादिग्दर्शनाची जबाबदारी घेतली. पेटर्सन या गायिका आहेत तशाच सॅक्सोफोनवादकही आहेत. असा समूह याच शहरात उभा राहावा याचे मला नवल वाटत नाही. तेथील संगीत विद्यालयात १९७९ मध्ये जॅझचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि आज तो विद्यापीठाचा भाग आहे. उत्स्फूर्त वादन-गायनात रमणाऱ्या नॉर्वेजियन कलावंतांच्या कित्येक पिढ्या त्यातून बाहेर पडल्या आहेत.

मात्र या गायिकांचे खरे वेगळेपण त्यांच्या कमरेला आहे. ध्वनिरचनाकार आस्ले कार्स्ताद आणि आर्नफिन किलिंगत्वेट यांनी त्यांच्यासाठी मॅकाट्रोल नावाचे एक छोटे बिनतारी उपकरण तयार केले. प्रत्येक गायिका ते अंगावर बाळगते आणि गाता गाता स्वतःच्या आवाजावर प्रक्रिया करते. आवाज घुमवायचा की कोरडा ठेवायचा, एखादा तुकडा पकडून फिरवत ठेवायचा की सोडून द्यायचा, हे तीच ठरवते. एरवी हे सारे निर्णय सभागृहाच्या मागच्या बाजूला बसलेला ध्वनितंत्रज्ञ घेतो आणि गाणाऱ्याला आपला आवाज श्रोत्यांपर्यंत कोणत्या रूपात पोहोचला याचा अंदाजही नसतो. येथे घुमटच गायिकेच्या हातात दिलेला आहे. ख्यालगायनात ज्याला आपण उपज, म्हणजे गाता गाता सुचलेला विस्तार, म्हणतो ती सुरांची आणि लयीची असते. या गायिकांच्या उपजेत स्वर कोणत्या जागेत उमटावा हा निर्णयही येतो आणि तो त्याच दमात घ्यावा लागतो. ही तुलना मी फार ताणणार नाही, कारण यांच्यापाशी राग नाही आणि समेवर येण्याचा आनंदही नाही.

ऐकताना सर्वाधिक गुंतवणारी गोष्ट म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुराकडे जाण्याची त्यांची सावकाश रीत. एक गायिका सूर धरते, दुसरी त्याला अगदी लागून, जवळजवळ श्रुतीच्या अंतरावर दुसरा सूर ठेवते आणि दोहोंच्या घर्षणातून हवेत एक थरथर निर्माण होते. तिसरी मध्ये शिरली की त्या थरथरीचा रंग बदलतो. नॉर्वेच्या आधुनिक वृंदसंगीताला ही वाट अपरिचित नाही. नॉर्वेजियन संगीतकार क्नुट निस्टेड यांच्या ‘इमॉर्टल बाख’ या रचनेत जर्मन संगीतकार बाखच्या गीतातील सूर वेगवेगळे गट वेगवेगळ्या कालावधीपर्यंत धरून ठेवतात आणि सरळ सुरावटीचे दाट धुके होते. तेथे मात्र कोणी किती वेळ थांबायचे हे आधी ठरलेले असते. ट्रॉन्डहाइम व्हॉइसेसच्या गायिका परस्परांचे ऐकून थांबतात, आणि कोणी सूर सोडल्यावर इतरांनी क्षणभर वाट पाहिल्याचे रेकॉर्डिंगमध्येही जाणवते. मला या अल्बममधील सर्वात सुंदर जागा त्याच वाटतात.

तक्रारीही आहेत. घुमारा हातात असला की तो वापरण्याचा मोह होतो, आणि अल्बमच्या मध्यावर तो मोह अनावर झाल्यासारखा वाटतो. सगळेच आवाज घुमाऱ्यात भिजून ओलसर झाले की कोण कोणती हे कळेनासे होते आणि मग वृंदात इतके वेगवेगळे गळे असण्याचे प्रयोजनच उरत नाही. शब्द जवळजवळ नसल्यामुळे कानाला टेकू मिळत नाही, आणि विलंबित गतीची सवय असलेल्या श्रोत्यालाही एखाद्या ठिकाणी आता काहीतरी घडावे असे वाटल्यावाचून राहत नाही. शिवाय शीर्षकातच ‘रूम्स’ असलेल्या संगीतातून खोलीच वजा झाली आहे. गायिका कोठे उभ्या आहेत, श्रोत्यांमधून चालत जात आहेत की एका जागी स्थिर आहेत, हे दोन कानांत मावत नाही. मी त्यांना प्रत्यक्ष ऐकलेले नाही, त्यामुळे ही उणीव किती मोठी आहे याची मला फक्त कल्पनाच करता येते.

या तक्रारींचे थोडे उत्तर त्यांच्याच ‘फोकलोर’ या दुसऱ्या अल्बममध्ये मिळते. तो ग्राप्पाच्याच हुब्रो या लेबलने काढला असून त्याचे संगीत हेल्गे स्टेन आणि स्टोले स्तुर्लोकेन यांचे आहे. हे दोघे सुपरसायलेंट या उत्स्फूर्त वादन करणाऱ्या गटातले सहकारी. नाव लोकसंगीताचे असले तरी यात पारंपरिक गाणी शोधू नयेत. ही कल्पनेतल्या कुणा लोकांची गाणी आहेत. येथे रचनेचा सांगाडा पक्का असल्यामुळे घुमाऱ्याला शिस्त लागते. आधार लागणाऱ्या श्रोत्याने सुरुवात ‘फोकलोर’पासून करावी, असे मी सुचवेन. मी स्वतः मात्र ‘रूम्स अँड रिच्युअल्स’कडेच पुन्हा पुन्हा वळतो, तेही रात्री, पंखा बंद करून, कारण पंख्याची घरघर त्यातल्या हलक्या श्वासांना गिळून टाकते.