जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी, व्हायरॉलॉजी की व्हायरॉलॉजी जर्नल: पेपर पाठवायचा कुठे?

"सर, जेवीआयला टाकतेय," असं म्हणत एका पीएचडीच्या विद्यार्थिनीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. जेवीआय म्हणजे 'जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी'; स्क्रीनवर मात्र उघडलेलं होतं 'व्हायरॉलॉजी जर्नल'. तिला दोष देण्यात अर्थ नाही. 'जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी', 'व्हायरॉलॉजी' आणि 'व्हायरॉलॉजी जर्नल' ही तीन निराळी जर्नल्स आहेत, तीन निराळ्या प्रकाशकांची, आणि नाव ठरवताना कुणी शेजाऱ्याला विचारलेलं दिसत नाही. त्यात 'जर्नल ऑफ जनरल व्हायरॉलॉजी' आणि 'जर्नल ऑफ मेडिकल व्हायरॉलॉजी' यांची भर.

विषाणूंवरचा पेपर लिहून तयार आहे आणि तो कुठे पाठवावा यावर अडून बसलात, तर हा आढावा तुमच्यासाठी. बहुतेक जण इथे एकाच आकड्याकडे धाव घेतात: इम्पॅक्ट फॅक्टर. आता गंमत बघा. २०२३ च्या आकड्यांत जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी, व्हायरॉलॉजी जर्नल आणि 'व्हायरसेस' ही तिन्ही चारच्या आसपास आहेत. आकड्यावरून निवडायचं म्हटलं तर चिठ्ठ्याच टाकाव्या लागतील. पण या तिघांचा वाचक एक नाही, पेपर तपासणारा रिव्ह्यूअर एक नाही आणि त्यांना हवा असलेला पेपरही एक नाही.

आधी आकड्याचा हिशोब

एखाद्या जर्नलचा २०२१ चा इम्पॅक्ट फॅक्टर काढताना २०१९ आणि २०२० मध्ये त्यात छापलेल्या मजकुराला २०२१ या एका वर्षात किती सायटेशन्स (इतर पेपरांतले उल्लेख) मिळाली ते मोजतात आणि त्या दोन वर्षांतल्या संशोधन लेखांच्या व आढावा घेणाऱ्या रिव्ह्यू लेखांच्या संख्येने भागतात. खोच इथेच आहे. संपादकाला लिहिलेली पत्रं, संपादकीयं वगैरे खाली भाजकात धरत नाहीत, पण त्यांना मिळालेली सायटेशन्स वर भाज्यात मोजली जातात.

समजा दोन वर्षांत २०० लेख आले आणि त्यांना ८०० सायटेशन्स मिळाली, तर आकडा ४. त्यातल्या एकाच पेपरला अजून ४०० मिळाली की आकडा थेट ६. बाकीचे १९९ पेपर होते तिथेच.

हे कागदावरचं गणित प्रत्यक्षात कसं वागतं ते जर्नल ऑफ मेडिकल व्हायरॉलॉजीने दाखवलं. १९७७ पासूनचं, वाइलीचं, रुग्णांचे नमुने, निदान आणि साथी यांवरचं शांत जर्नल. २०२० चा त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर २.३२७. पुढच्या वर्षी २०.६९३. मग १२.७. मग ६.८. संपादनाचा दर्जा एका वर्षात नऊपट झाला आणि नंतर ओसरला, असं कुणीही म्हणणार नाही. झालं एवढंच की २०२० चा आकडा २०१८ आणि २०१९ च्या लेखांवर बेतलेला होता, म्हणजे कोविडपूर्वीच्या. २०२० चे कोविडवरचे लेख, त्यात भरपूर पत्रं आणि छोटे अहवाल, हिशोबात आले ते २०२१ च्या आकड्यात. २०२२ च्या आकड्यातही ते होते. २०२३ च्या हिशोबातून २०२० हे वर्ष बाहेर पडलं आणि आकडा खाली बसला.

त्या काळात केवळ 'वीस' हा आकडा बघून तिथे पेपर पाठवणाऱ्यांना रांगेतली गर्दी मिळाली, आणि त्यांचा पेपर छापून येईपर्यंत तो आकडा गेलेला होता. हेपॅटायटिस, एचपीव्ही, श्वसनाचे विषाणू यांचं क्लिनिकल काम असेल तर हे जर्नल आजही चांगलंच आहे, फक्त २०२१ मुळे नव्हे.

जुनी तीन घरं

'व्हायरॉलॉजी' सगळ्यांत आधी पाहू. १९५५ साली ते सुरू झालं तेव्हा संपादक तिघे होते: जॉर्ज हर्स्ट इन्फ्लुएन्झाचे, लिंडसे ब्लॅक वनस्पतींच्या विषाणूंचे आणि साल्व्हाडोर लुरिया बॅक्टेरियोफाजचे, म्हणजे जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंचे. प्राणी, वनस्पती, जिवाणू. विषाणू ज्याच्यात राहतो तो प्रत्येक यजमान तिथे बसलेला. विषाणू हा स्वतंत्र विषय आहे, निव्वळ रोगाचं कारण नाही, हे त्या तीन नावांमधूनच सांगितलं होतं. आज ते एल्सेव्हियरकडे आहे.

जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी (सगळे जेवीआयच म्हणतात) हे अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायॉलॉजीचं आणि जर्नल ऑफ जनरल व्हायरॉलॉजी ब्रिटनच्या मायक्रोबायॉलॉजी सोसायटीचं. दोन्ही १९६७ ची. म्हणजे दोघांच्याही मागे कंपनी नाही, सभासदांची संस्था आहे. याचा फरक संपादकांच्या पत्रांतही जाणवतो. निदान मला तरी.

या तिघांचा प्रभाव मोजायला इम्पॅक्ट फॅक्टर किती तोकडा आहे याचं माझं आवडतं उदाहरण एकाच माणसाचं आहे. १९७३ मध्ये फ्रँक ग्रॅहम आणि ॲलेक्स व्हॅन डर एब यांनी 'व्हायरॉलॉजी'त एक पेपर छापला: ॲडिनोव्हायरसचा डीएनए कॅल्शियम फॉस्फेटच्या कणांबरोबर पेशीत कसा घालायचा. ट्रान्स्फेक्शनची ही पद्धत जगभरातल्या लॅबमध्ये गेली. मग १९७७ मध्ये ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी जर्नल ऑफ जनरल व्हायरॉलॉजीत त्या पद्धतीने बनवलेल्या एका पेशीवंशाचं (लॅबमध्ये सतत वाढवत ठेवता येणाऱ्या पेशींचं) वर्णन दिलं. हाच तो एचईके २९३. प्रयोगांना अनुक्रमांक द्यायची ग्रॅहमची सवय होती आणि हा त्यांचा २९३ वा प्रयोग होता. तुमच्या इन्क्युबेटरमध्ये आत्ता या क्षणी त्याची एखादी प्लेट असेल. कोविडची ॲस्ट्राझेनेकाची लस बनवायलाही याच वंशातल्या पेशी लागल्या.

त्या दोन्ही पेपरांना आजही सायटेशन्स मिळतात, आणि त्यातलं एकही त्या दोन जर्नलांच्या यंदाच्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये धरलं जात नाही, कारण दोन वर्षांची खिडकी कधीच बंद झाली. म्हणून मी विद्यार्थ्यांना सायटेड हाफ-लाइफ बघायला सांगतो: जर्नलला या वर्षी मिळालेल्या सायटेशन्सपैकी निम्मी किती वर्षांपर्यंतच्या लेखांना आहेत, हे तो आकडा सांगतो. जुन्या सोसायट्यांच्या जर्नलांमध्ये तो मोठा निघतो. पद्धत, पेशीवंश, नवा विषाणू किंवा व्हेक्टर (पेशीत जनुक पोचवणारं वाहन) देणारा पेपर असेल तर तुम्हाला हे दीर्घायुष्य हवंय, पहिल्या दोन वर्षांचा धुरळा नकोय. जेवीआयमध्ये १९९८ साली आलेला तिसऱ्या पिढीच्या लेन्टिव्हायरल व्हेक्टरचा पेपर याच जातीचा.

तिघांतून निवडायचं तर मी असं बघतो. जेवीआयला यंत्रणा लागते. विषाणू काय करतो याबरोबर कसा करतो हेही दाखवावं लागतं: म्युटंट (जनुकात बदल केलेला विषाणू), रेस्क्यू (तो बदल भरून काढून गुण परत आणणं), दुसऱ्या पेशीत पडताळणी. ॲब्स्ट्रॅक्टखाली (सारांशाखाली) 'इम्पॉर्टन्स' नावाचा वेगळा परिच्छेद मागतात, क्षेत्राबाहेरच्या माणसाला कळेल असा. तो लिहिताना घाम फुटला तर पेपर अजून तयार नाही, असं खुशाल समजा. 'व्हायरॉलॉजी' याच प्रकारचं काम घेतं, पण गोष्ट थोडी अपुरी असली तरी प्रयोग नीटनेटके असतील तर ऐकून घेतं. जर्नल ऑफ जनरल व्हायरॉलॉजी उत्क्रांती, प्राण्यांचे विषाणू आणि वर्गीकरण याकडे झुकतं. आयसीटीव्ही, म्हणजे विषाणूंच्या वर्गीकरणाची आंतरराष्ट्रीय समिती, २०१७ पासून विषाणू-कुलांचे संक्षिप्त परिचय तिथेच देते आहे.

फक्त जिनोम हातात असेल तर

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या क्षेत्राचा कल कुठे वळला हे कुठल्याही अनुक्रमणिकेत दिसतं. पूर्वी विषाणू वाढवायचे, प्लाक (विषाणूंनी पेशींच्या थरात पाडलेली भोकं) मोजायचे आणि मग लिहायचं. आता सांडपाणी, वटवाघूळ, डास, समुद्राचं पाणी, काहीही सिक्वेन्सरमध्ये घातलं की नवे विषाणू निघतात, कुणी न पाहिलेले आणि न वाढवलेले. २०१७ मध्ये तज्ज्ञांनी मान्यही केलं की निव्वळ मेटाजिनोमिक अनुक्रमावरून, म्हणजे नमुन्यातून थेट वाचलेल्या जनुकीय मजकुरावरून, विषाणूचं वर्गीकरण करता येईल. त्यामुळे ज्याच्या हातात फक्त जिनोम आहे असे पेपर ढिगाने तयार होतात.

हे पेपर जेवीआयला पाठवू नका. काही दिवसांत 'वर्णनात्मक' असा शेरा घेऊन परत येतील. त्यांच्यासाठी खरी जागा 'आर्काइव्ह्ज ऑफ व्हायरॉलॉजी'. वयाने हे 'व्हायरॉलॉजी'पेक्षाही थोरलं: १९३९ मध्ये जर्मन नावाने सुरू झालं, १९७५ ला इंग्रजी नाव घेतलं, प्रकाशक स्प्रिंगर. त्यात 'ॲनोटेटेड सिक्वेन्स रेकॉर्ड' हा लेखप्रकारच आहे: नवा जिनोम, जनुकांची मांडणी, वंशवृक्ष, विषय संपला. आयसीटीव्हीच्या वर्गीकरणातले बदलही अनेक वर्षं तिथे छापून आले. वनस्पती आणि जनावरांच्या विषाणूंवर काम करणाऱ्याला इथे परकं वाटत नाही. आकडा लहान आहे, पण नंतर तोच विषाणू सापडणाऱ्याला तुमचा पेपर उद्धृत करावाच लागतो.

त्याच जिनोमांत उत्क्रांतीचा खरा प्रश्न दडलेला असेल, म्हणजे विषाणूने यजमान कधी बदलला, साथ कुठून निघाली, तर २०१५ पासून ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस काढत असलेलं 'व्हायरस इव्होल्यूशन' बघा. तिथले रिव्ह्यूअर तुमच्या वंशवृक्षाची फांदी न् फांदी हलवून पाहतील, एवढी तयारी ठेवा.

संपूर्ण ओपन ॲक्सेसवाले

व्हायरॉलॉजी जर्नल २००४ पासूनचं, बीएमसी (बायोमेड सेंट्रल) या प्रकाशकाचं. 'व्हायरसेस' २००९ पासूनचं, एमडीपीआयचं. दोन्हीकडे लेखकाने पैसे भरायचे आणि वाचकाने फुकट वाचायचं.

'व्हायरसेस' झपाट्याने काम उरकतं. थीसिसची तारीख जवळ आली असेल तर हे सुख मोठं असतं. पण तिथे विशेषांक पुष्कळ निघतात, आणि एका विशेषांकाचा पाहुणा संपादक दुसऱ्यासारखा असेलच असं नाही. पाहुणा संपादक तुमच्या उपक्षेत्रातला जाणता माणूस असेल तर बिनधास्त पाठवा. त्याचं नाव कधी ऐकलंच नसेल तर थांबा. याच प्रकाशकाचं पर्यावरण आणि सार्वजनिक आरोग्यावरचं एक मोठं जर्नल मार्च २०२३ मध्ये वेब ऑफ सायन्सच्या (सायटेशन्स मोजणाऱ्या सूचीच्या) यादीतून काढलं गेलं. 'व्हायरसेस'चं तसं काही झालेलं नाही, पण आमच्याकडच्या समित्या तेव्हापासून प्रकाशकाचं नाव बघून भुवया उंचावतात, हे खरं. अन्यायच आहे हा, कारण 'व्हायरसेस'मध्ये उत्तम रिव्ह्यू लेखही वाचलेत मी.

व्हायरॉलॉजी जर्नल त्या मानाने संथ आणि साधं. साथीचा अभ्यास, सेरॉलॉजी (रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी), निदानाची चाचणी, असं ठोस पण न गाजणारं काम तिथे बसतं.

पीएलओएस पॅथोजेन्सचा उल्लेख करायलाच हवा. २००५ चं, ओपन ॲक्सेस, आणि बऱ्याच लॅबमध्ये जेवीआयच्या आधीची पहिली पायरी. विषाणूच्या गोष्टीतून रोगप्रतिकार किंवा पेशीशास्त्राबद्दलही काही नवं निघत असेल तरच तिथे जा.

पैसे आणि वेळ

पैशांवर फार लिहीत नाही, नियम दरवर्षी बदलतात. 'व्हायरॉलॉजी' आणि 'आर्काइव्ह्ज' यांत जुन्या वर्गणीच्या मार्गाने गेलात तर ओपन ॲक्सेसचं शुल्क भरावं लागत नाही. जेवीआय २०२५ पासून 'सबस्क्राइब टू ओपन' या पद्धतीत गेलं: ग्रंथालयांची वर्गणी पुरेशी जमली की त्या वर्षाचे लेख सगळ्यांसाठी खुले. पूर्ण ओपन ॲक्सेसवाल्यांकडे शुल्कमाफी असते, पण अर्ज सहसा सबमिशनच्या वेळीच करावा लागतो. पेपर स्वीकारल्याचा ईमेल आल्यावर सवलत मागणाऱ्याला नम्र नकार मिळतो.

वेळेबद्दल एवढंच: प्रीप्रिंट, म्हणजे अजून न तपासलेला पेपर, आधीच बायोआर्काइव्ह या खुल्या साइटवर टाकलात तर जर्नलच्या संथपणाचा जाच निम्मा होतो. वरच्या जर्नलकडून आठवड्यात आलेला डेस्क रिजेक्ट (रिव्ह्यूअरकडे न पाठवता संपादकानेच दिलेला नकार) ही फार स्वस्त गोष्ट आहे. महाग पडतो तो चार महिन्यांनी आलेला, दोन ओळींच्या रिव्ह्यूसकटचा नकार. असा एक मी खाल्लाय, कुठल्या जर्नलचा ते सोडून द्या.

आणि अजूनही ठरत नसेल तर स्वतःच्या पेपरची संदर्भयादी उघडा आणि कुठलं जर्नल किती वेळा आलंय ते मोजा. तुमचे वाचक तिथे बसलेत. त्या विद्यार्थिनीच्या यादीत आर्काइव्ह्ज आणि जनरल व्हायरॉलॉजीचीच गर्दी होती; जेवीआय जेमतेम दोनदा. तिने आर्काइव्ह्जला पाठवला.

फक्त कव्हर लेटर एकदा वाचून घ्या. एका जर्नलने परत पाठवलेला पेपर मी दुसऱ्याला टाकला, आणि पत्रात शेवटी तसंच राहिलं होतं: 'आपल्या प्रतिष्ठित नियतकालिकात', पुढे पहिल्या जर्नलचं नाव. एडिटरने उत्तरात तेवढी एक ओळ पिवळी करून पाठवली होती.